दोघींवर थांबलेलं घर

आमच्या मुरुडला समुद्र नाही आणि किल्लाही नाही. पुण्यात कुणाला गावाचं नाव सांगितलं की समोरचा लगेच जंजिऱ्याच्या सहलीच्या आठवणी काढतो. म्हणून आम्ही सवयीनं ‘लातूरचं मुरुड’ असं जोडूनच सांगतो. लातूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर हे गाव येतं. गाव म्हणावं तर कॉलेज आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, रेल्वे स्टेशन आहे. शहर म्हणावं तर कारभार ग्रामपंचायतीचा, आणि मेन रोडवर सोयाबीनच्या ट्रॅक्टरपुढं एसटी हॉर्न वाजवत उभी. पुढं ढोकी, येडशी, बार्शी. डावीकडं वळलं की धाराशिव जिल्हा, उजवीकडं थोडं गेलं की बीड. सोयरिकी या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या.

इथं माझं माहेर आहे. मी लातूरला असते, महिन्यातून एखादी चक्कर होते; यंदा या लेखाच्या निमित्तानं जास्त दिवस राहिले. घरात पाच माणसं. माय, दादा, वहिनी आणि दोन पोरी. थोरली नऊ वर्षांची, चौथीत. धाकटी पाचाची. दोघींची नावं मुद्दाम देत नाही. मोठ्या झाल्यावर आत्यानं आपल्याबद्दल काय काय छापलं म्हणून भांडायला येतील, आणि त्यात थोरली जिंकेल.

दादाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाणबुडी मोटर जळाली की शेतकरी ती मोटारसायकलला बांधून आणतो आणि दुकानाच्या दारात बसून राहतो. तिकडं ज्वारी वाळत असते, त्यामुळं त्याला आजच्या आज मोटर हवी असते. शेत सहा एकर, खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीला ज्वारी आणि हरभरा. वहिनी डी.एड. आहे. तिच्या बॅचच्या पोरी डी.एड. करून बाहेर पडल्या आणि शिक्षकभरती थांबली. मग टीईटी आली, पवित्र पोर्टल आलं, तोवर पदरात पोर आलं. आता ती संध्याकाळी ओसरीत गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते. फळा स्वतःचा, खडू स्वतःचे, फी ज्याला जमेल तशी.

सकाळी पाचला न्हाणीच्या बाजूला तुराट्या पेटतात. गॅस आहे, पण आंघोळीच्या पाण्याला गॅस जाळणं मायला पटत नाही. नळाचा दिवस असला की त्या आधीच गल्ली जागी होते. मोटर लावायची, टाकी भरायची, हौद भरायचा, घागरी भरायच्या, आणि शेजारची मोटर जास्त ओढते का यावर थोडं बोलून घ्यायचं. पोरी उठेपर्यंत वहिनीची तीन कामं झालेली असतात आणि मायची पूजा. मग खरा गोंधळ. थोरलीला स्वतःहून जाग येते. धाकटीला उठवावं लागतं, आणि उठवणाऱ्यावर ती चिडते. म्हणून उठवायला कुणी जायचं यावरच घरात वाद. बहुतेक वेळा थोरलीला पाठवतात आणि पाच मिनिटांत आतून रडणं ऐकू येतं.

नाष्ट्याला सुशीला असते. इकडं पोह्यांपेक्षा तिचं चलन जास्त. मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीची फोडणी, वरून डाळ्याचं पीठ. पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगते, खाऊन बघा, गार झाली तर मात्र नाद सोडा. धाकटी त्यातले शेंगदाणे वेचून खाते आणि उरलेली सुशीला बहिणीच्या ताटात सरकवते. डब्यात पोळी आणि शेंगाची चटणी, नाहीतर आदल्या रात्रीचं धपाटं. शेंगाची चटणी दोघींना चालते. या घरात दोघींचं एकमत असलेली बहुधा तेवढी एकच गोष्ट.

दोघी एका शाळेत नाहीत. थोरली जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत, धाकटी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. थोरलीच्या वेळी दुष्काळ होता, हातात पैसा नव्हता, शिवाय वहिनीला स्वतःच्या शिकवण्यावर विश्वास होता. धाकटीच्या वेळी गल्लीतली सगळीच लेकरं पिवळ्या गाडीतून जायला लागली होती. तेव्हा थोरली म्हणाली होती, ‘मला कशामुळं नाही गाडी?’ तिला शाळेतली खिचडी, अंगणात भरणारा वर्ग, दोन गल्ल्यांवरची चालत जायची वाट दाखवून झाली. तिची समजूत पटलेली नाही, फक्त विषय मागं पडलाय. धाकटी घरी येऊन ‘रेड, यलो, ग्रीन’ म्हणते. थोरली तिला सतराचा पाढा म्हणून गप्प करते.

वेण्यांचं काम दादाचं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नवल वाटलं होतं, कारण आमचे वडील आम्हाला कधी कंगवाही देत नसत. धाकटीच्या बाळंतपणानंतर वहिनीचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालं. तिला वाकता-उचलता येत नव्हतं, मायचा हात दुखत होता, आणि थोरलीच्या केसांचा गुंता कंबरेला आला होता. तेव्हा दादा शिकला. तांब्याची तार गुंडाळणाऱ्या बोटांना तीन पेडांचं काही अवघड गेलं नाही. फक्त तो वेण्या इतक्या घट्ट घालतो की थोरलीच्या भुवया वर चढतात. गल्लीतले लोक पहिल्यांदा हसले, आता दारावरून जाताना कुणी मान वळवून बघत नाही. रविवारी फणी मात्र मायच्या हातात. उन्हात पाट टाकून ती दोघींना पुढ्यात बसवते आणि शाळेतून आलेल्या उवांचा हिशेब लावते: जिल्हा परिषदेच्या किती, इंग्रजी शाळेच्या किती.

थोरली २०१६च्या एप्रिलची. लातूर जिल्ह्यात ज्यांना तो उन्हाळा आठवतो त्यांना पुढं काही सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूर शहरात पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा टँकर, पाच लाख लिटर. ३४२ किलोमीटरचा तो प्रवास पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असा झाला, म्हणजे ती गाडी आमच्या मुरुडवरूनच लातूरला गेली. आमचा हा लोहमार्ग बार्शी लाइट रेल्वेचा. १९११ साली तो लातूरला पोचला आणि जवळजवळ शंभर वर्षं अडीच फुटी रुळांवर चालला. २००७-०८च्या सुमारास तो रुंद झाला नसता तर ती पाणीगाडी आलीच नसती. पुढं फेऱ्यांना पन्नास टँकर लागले आणि पावसाळ्यापर्यंत त्या चालू राहिल्या. मुरुडला त्यातलं थेंबभर पाणी उतरलं नाही, ते लातूरचं होतं. पण फाटकावर गर्दी व्हायची. नऊ महिन्यांची पोटुशी वहिनी माडीवरून ती गाडी बघायची आणि म्हणायची, एवढं पाणी हिकडं येईल का कधी?

बाळंतपण लातूरला झालं. मुलगी झाली म्हणून कुणी रडलं नाही. पहिली बेटी, धनाची पेटी म्हणून पेढे वाटले, आणि टँकरच्या पाण्यानं बारसं झालं.

धाकटी २०२०च्या जुलैत आली, ऐन कोरोनात. दवाखान्यात एकालाच आत सोडत होते, म्हणून पेढ्यांचा प्रश्नच आला नाही. माय नंतर म्हणाली, ‘लॉकडाऊन होतं म्हणून बरं झालं, नाहीतर सांत्वनाला आले असते लोक.’ जे भेटायला आले नाहीत त्यांनी फोन केले. दुसरीही मुलगीच म्हटल्यावर पलीकडं क्षणभर शांतता, मग ‘असू द्या, असू द्या’. एका मावशीनं विचारलं, ‘आता कसं करलालाव? थांबायचं का नाही?’ वंशाच्या दिव्याचा उल्लेख तिनं अगदी प्रेमानं केला. या गोष्टी आता कुणी रागानं बोलत नाही. ओरडून बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. डोळ्यात पाणी आणून बोलणाऱ्या मावशीशी कसं भांडायचं?

उत्तर वहिनीनं दिलं. ‘थांबायचं.’ दादा काही बोलला नाही. माय दोन दिवस काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच माझ्याकडं विषय काढला: ‘मला पण तू दुसरीच होतीस. दादा आधी झाला म्हणून माझी सुटका.’

कोरोनामुळं ऑपरेशनं लांबणीवर पडत होती, सरकारी दवाखान्यात खाटा मिळत नव्हत्या, तरी वहिनी पाठपुरावा करून मोकळी झाली. दादानं का नाही केलं, हा प्रश्न मी तेव्हा विचारला होता. दोघंही माझ्याकडं बघत राहिले. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, लहान, घरी येऊन दोन दिवसांत कामाला लागता येतं, हे दोघांनाही माहीत होतं. पण महाराष्ट्रात हे होत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या विवाहित जोडप्यांत बाईचं ऑपरेशन झालेली जवळपास निम्मी आहेत आणि पुरुषाचं झालेली अर्ध्या टक्क्याच्याही आत. वेण्या घालायला शिकलेला माझा भाऊ त्या निम्म्यांतच आहे.

आमच्या उजवीकडचा शेजार म्हणजे बीड जिल्हा. २०११च्या जनगणनेत तिथं सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८०७ मुली निघाल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. राज्याचा आकडाही ९१३वरून ८९४वर आला होता. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानं केला, आणि २०१२मध्ये परळीचं गर्भलिंग तपासणी आणि गर्भपातांचं प्रकरण उघडं पडलं तेव्हा कळलं की तो कायदा कुठवर पोचला होता. केज, अंबाजोगाई, परळी ही आमच्या मुरुडकरांच्या लेकी-सुनांची गावं. त्या वर्षांत कोण कुणाला घेऊन कुठं गेलं हे गल्ल्यांना ठाऊक असतं, आणि ते कुणी बोलत नाही. मीही बोलणार नाही. एवढं मात्र सांगते की आता दोन मुलींवर थांबलेली घरं आमच्या गल्लीत बोटांवर मोजावी लागत नाहीत. आमच्या समोर एक, वळणावर एक, दादाच्या दुकानाच्या मालकाचं एक. बदल झालाय तो भाषणांनी कमी आणि हिशेबानं जास्त. सहा एकरांवर तिसरं लेकरू परवडत नाही, शाळेची फी परवडत नाही. पण हिशेब करूनही कुणीतरी मावशीला तोंडावर ‘थांबायचं’ म्हणावं लागतं, आणि पुढं टेबलावर झोपावं लागतं.

भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. पश्चिम महाराष्ट्रात ज्या गौरी, त्या आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, सख्ख्या बहिणी. पितळेचे मुखवटे, कोठ्यांवर उभ्या, भरजरी साड्या, सोबत त्यांची पिलवंडं. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील असं जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. आमच्या घरात गेली तीन वर्षं यावरून भांडण आहे, कारण ज्येष्ठा म्हणजे मी असं थोरलीनं जाहीर केलंय. त्यामुळं ज्येष्ठेची साडी कोणती, तिला नथ मोठी का, नैवेद्याचं पान आधी तिच्यापुढं का, हे सगळे प्रश्न धाकटीच्या प्रतिष्ठेचे होऊन बसले. यंदा धाकटीनं कनिष्ठेच्या गळ्यात स्वतःची मण्यांची माळ घातली आणि ती काढायला कुणालाही हात लावू दिला नाही. विसर्जनाच्या दिवशी माळ मुखवट्याबरोबर पेटीत गेली आणि रात्री तिला आठवली. पेटी माळ्यावरून पुन्हा उतरवली.

दोन बहिणी एकत्र घरात आल्या म्हणून सवाष्णी जेवू घालणाऱ्या गावात दोन पोरी झाल्या म्हणून ‘असू द्या’ म्हणायचं, हे मला विचित्र वाटतं. मी मायला तसं म्हटलं. ती म्हणाली, ‘त्या तिसऱ्या दिवशी जातात.’ या वाक्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

पोरी जाणार हे गृहीत धरूनच त्यांच्यासाठीचा पैसा बाजूला पडतो. पोस्टात सुकन्या समृद्धीची दोन खाती आहेत. ही योजना २०१५ची, दहा वर्षांच्या आत खातं उघडायचं, पंधरा वर्षं भरायचं, उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मिळायचं. सध्या व्याज ८.२ टक्के. एका घरात दोनच मुलींची खाती निघतात, जुळ्या-तिळ्यांचा अपवाद सोडून. वहिनी शिकवणीच्या फीतून भरते. दोन पासबुकं ती एकाच रबरात बांधून ठेवते आणि कधी एकीच्या खात्यात दुसरीपेक्षा शंभर रुपये जास्त गेले तर पुढच्या महिन्यात बरोबरी करते. मोटर जळायचा हंगाम असला की दादा भर घालतो. माझी कन्या भाग्यश्री योजनेचेही कागद तिनं केले. दोन मुलींनंतर आईनं किंवा बापानं ऑपरेशन केलं तर दोघींच्या नावे प्रत्येकी २५ हजार मिळत. ऑपरेशनचा दाखला, उत्पन्नाचा, रहिवासाचा, जन्माचे दोन. अंगणवाडीताईंच्या मागं किती हेलपाटे घातले ते तिनं सांगितलं नाही, पण फाइलची जाडी मी पाहिली.

समोरच्या घरात दीड वर्षाची पोर आहे. तिला लेक लाडकी योजना लागू, कारण ती १ एप्रिल २०२३नंतरची आणि घरात केशरी रेशनकार्ड. जन्मल्यावर पाच हजार, पहिलीला सहा, सहावीला सात, अकरावीला आठ आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार. बेरीज एक लाख एक हजार. आमच्या दोघींना ती नाही. धाकटी त्याच्या पावणेतीन वर्षं आधी जन्मली. सरकारी योजनांत लेकरांची वयं अशी चुकतातच. समोरच्या पोरीचं आणखी एक वेगळं आहे. तिच्या जन्मदाखल्यावर तिच्या नावानंतर आईचं नाव येतं, मग बापाचं, मग आडनाव. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांसाठी सरकारी कागदांवर तसं लिहिणं राज्यानं सक्तीचं केलं.

हे थोरलीला कळलं तेव्हा ती चौथीच्या वहीवर स्वतःचं नाव लिहीत होती. तिनं मध्ये आईचं नाव घातलं. बाईंनी वर्गात विचारलं, हजेरीत असं नाही. ती म्हणाली, ‘हजेरीत चुकलंय.’ बाई हसल्या आणि वहीवर तसंच राहू दिलं. घरी आल्यावर तिनं ती वही बापाला दाखवली. दादा म्हणाला, छान आहे. वहिनी बराच वेळ वही हातात धरून होती. काही म्हणाली नाही, पोळ्या लाटायला गेली.

संध्याकाळच्या शिकवणीत दोघी आईच्याच विद्यार्थिनी होतात आणि तिला ‘मॅडम’ म्हणतात. धाकटी एवढीशी असून मॉनिटर. ओसरीच्या टोकाला माय शेंगा फोडत बसते, फोडते तेवढ्या विद्यार्थी खातात. सात वाजता मोबाइल कुणाकडं हा प्रश्न. नेमून दिलेली वेळ प्रत्येकी वीस मिनिटं. थोरलीला नाचाचे व्हिडिओ हवे असतात, धाकटीला कुणीतरी अंडी फोडून खेळणी काढतंय ते. मुलींच्या हातात मोबाइल नको असं गल्लीत म्हणतात. मुलांच्या हातातल्या मोबाइलबद्दल त्याच गल्लीत काही ऐकलं नाही.

आता पुढची काळजी पाचवीची. गावातच शाळा आहे, लांब जायची गरज नाही. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या मुली मुरुडला एसटीनं येतात, पाचवी ते बारावीच्या मुलींना पास मोफत आहे. त्यामुळं सकाळच्या गाडीत मुलींचीच गर्दी. दहा-पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या निम्म्या सातवीनंतर घरी बसल्या असत्या. पण मुरुडच्या आईबापाचे डोळे लातूरकडं. राजर्षी शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज, ट्यूशन एरियातल्या इमारतींवर निकालाचे फलक, त्यावर डॉक्टर झालेल्यांचे फोटो. ‘लातूर पॅटर्न’चा हा पसारा असा की अकरावी-बारावीसाठी आई लातूरला खोली करून लेकराबरोबर राहते आणि बाप गावात भाकऱ्या थापतो. पूर्वी हे मुलासाठी करायचे. आता मुलीसाठी करणारी घरं मी रोज बघते, कारण लातुरातल्या माझ्याच गल्लीत अशा चार आया राहतात. २०२४पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकार भरतं, त्यानंही हिशेब बदलला.

तरीही घाई जात नाही. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या, आणि आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात ४८ टक्के. ऊसतोडीला जाणारं घर वयात आलेली मुलगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवणार, म्हणून उरकून टाकतात. थोरलीच्या वर्गात उसाला जाणाऱ्या घरची एक पोर आहे. दिवाळीनंतर तिची जागा रिकामी होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ती परत येते. दोघी जिवलग. यंदा थोरलीनं आईला विचारलं, तिला आपल्या घरी ठेवता येईल का? वहिनी ‘विचारते’ म्हणाली. विचारलं नाही, असं तिनं मला नंतर सांगितलं. सगळ्याच पोरींची आई व्हायचं बळ तिच्यात नाही, असंही म्हणाली.

येळवस हा आमचा खरा सण. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखे रस्ते ओस असतात, सगळा जिल्हा शेतात. ज्वारी कमरेला आलेली, कडब्याची कोप, आत पाच पांडव मांडलेले, आणि भज्जी, उंडे, गव्हाची खीर, मडक्यातलं आंबील. मुगाच्या, तुरीच्या, वालाच्या शेंगांची ती भज्जी ज्यानं खाल्ली नाही त्याला समजावून सांगण्यात अर्थ नाही. गेल्या येळवसीला जेवणं झाल्यावर दोघी पोरींनी शेत वाटून घेतलं. विहीर थोरलीची, आंबा धाकटीचा. बांध मोजायला पावलं टाकत त्या ज्वारीतून गेल्या आणि दहा मिनिटांत भांडत बाहेर आल्या, कारण विहिरीला पाणी आहे आणि आंब्याला त्या वर्षी मोहोर नव्हता. मोठी माणसं हसली. मी हसले नाही, कारण त्या शेतावर माझं नाव होतं आणि आता नाही.

वडील २०१८ साली गेले. वारसांची नोंद लागली तेव्हा सातबाऱ्यावर तीन नावं आली: माय, दादा, मी. त्यानंतर रिवाजाप्रमाणं मी हक्कसोडपत्र केलं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठा, फोटो, सही. त्या दिवशी तिथं रांगेत सगळ्या बहिणीच होत्या, प्रत्येकीबरोबर एक भाऊ, आणि भाऊ त्यांना चहा पाजत होते. मुलीला वडिलार्जित जमिनीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, केंद्रानं २००५ साली, आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मतःच आहे असं स्वच्छ सांगितलं. कायदा आमच्या बाजूला आणि चहाही आमच्या हातात. मी सही केली त्याची कारणं माझी आहेत. दादानं मागितलं नव्हतं, मागावं लागत नाही.

या दोघींच्या पिढीत ती रांग तुटेल, कारण सही घ्यायला भाऊच नाही. दोन मुलींवर थांबलेल्या घरांत मराठवाड्याची जमीन पहिल्यांदाच आपोआप लेकींकडं येणार आहे, आणि लोक बोलत नसले तरी त्यांना हे कळतंय. दादाच्या दुकानात बसलेला एक जण परवा म्हणालाच, ‘मग जावयाचीच की हो शेती.’ दादा तार गुंडाळत म्हणाला, ‘पोरींची.’ माझ्या भावाच्या तोंडून मी ऐकलेला हा सगळ्यात मोठा पुरोगामी विचार. पण या सगळ्यात एक नाव कुठंच येत नाही. सुकन्या पोरींच्या नावे, भाग्यश्री पोरींच्या नावे, विहीर आणि आंबाही पोरींनी वाटून घेतला. ऑपरेशन जिचं झालं तिच्या नावावर लाडक्या बहिणीचे दीड हजार, आणि त्यालाही आता ई-केवायसी, नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या आधारसह.

हे नवं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ला चांदवडला बायकांचं अधिवेशन भरवलं आणि पुढं लक्ष्मीमुक्ती मांडली: ज्या गावातले शेतकरी बायकोच्या नावे जमीन करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. १९९२ साली सरकारनं परिपत्रकही काढलं की नवऱ्याच्या अर्जावर सातबाऱ्याला बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तलाठ्याकडं एक अर्ज. तेहतीस वर्षं झाली.

२०२५चा सप्टेंबर मराठवाड्याला बुडवून गेला. जी मांजरा आटली म्हणून मिरजेहून पाणी आणावं लागलं होतं तिच्या धरणाचे दरवाजे उघडे, नद्या बांधांवरून वाहत होत्या, आमचं सोयाबीन काढणीला आलेलं आणि गुडघाभर पाण्यात. शेंगांना शेतातच मोड आले. पोरींच्या शाळांना सुट्या मिळाल्या, त्या दोघी खिडकीत बसून वाहून जाणाऱ्या चपला मोजत होत्या. पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा सातबारा काढला. माय आणि दादा, दोन नावं. त्या रात्री माय जेवता जेवता म्हणाली की तिचा हिस्सा तिला दोघी नातींच्या नावे करायचा आहे, मृत्युपत्र करायचं, वकील बघ. माझ्याकडं बघून म्हणाली, ‘तुझं नाव तू काढलंस. ह्यांची लावून मी मोकळी होते.’

थोरलीनं लगेच विचारलं, विहीर कुणाला? धाकटी म्हणाली, मला आंबा नको. दादा मोबाइलवर पीकविम्याचे फोटो टाकत होता. वहिनी भाकरी तव्यावर उलटत होती, वळली नाही.

‘आधी माझं लावा,’ ती म्हणाली.

कुणाला काय बोलावं कळेना. दादा मान वर न करता म्हणाला, ‘लावू की. कोण नाही म्हणतंय? दिवाळी होऊ दे.’

‘दिवाळी झाली की पेरणी असते. पेरणी झाली की येळवस. मला तारीख सांगा.’

दादानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. थोरली उठून दप्तरातून स्केचपेन घेऊन आली.